एका पायावरची क्रेन

कुपवाडला, शेड नंबर दोनच्या मागं, टूल क्रिबमध्ये
चोवीस वर्षं मी पितळी टोकनं सांभाळली.
टोकन द्यायचं, ड्रिल न्यायचं.
ड्रिल परत, टोकन परत.
खिळ्यावर टोकन आहे म्हणजे माणूस अजून कामात आहे.

मग जुने मॅनेजर बदलून गेले
आणि त्यांच्या बंगल्यातली इंग्रजी पुस्तकं, दोन खोकी,
वेल्फेअरवाल्यांनी माझ्यापुढं आणून आदळली.
"मगदूम, कपाट तुमच्याकडंच आहे. क्लब काढा."
क्लब म्हणजे आम्ही सातजण,
शनिवारी पाळी सुटल्यावर, भडंगाच्या पुड्याभोवती.
रीत तीच ठेवली. रजिस्टरला वेगळं पानसुद्धा नाही:
अर्धा इंची रीमर, मायक्रोमीटर,
निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी,
पुन्हा रीमर.

इंग्रजी येत नव्हतं असं नाही.
येत होतं, पण लोखंडाचं.
फाईल म्हणजे कानस. डाय म्हणजे साचा.
स्प्रिंग म्हणजे दाबली की उसळते ती.
निळ्या कादंबरीत सातव्या पानावर
स्प्रिंग आली की म्हातारा घरी परतणार होता.
सुकुमार अवटी गंभीरपणे म्हणाला,
पार्ट पेंडिंग असणार.

दस्तगीर मुजावर, मोल्डिंगचा, सगळ्यात सावकाश वाचायचा.
कानामागं शिसपेन्सिल,
अडलेल्या शब्दावर मराठी अर्थ, मुंगीएवढ्या अक्षरात.
पुस्तकात लिहायचं नाही हा नियम माझाच,
आणि त्याच्याकडं काणाडोळाही माझाच,
कारण मागून येणारे सगळे
त्याच्या पेन्सिलीला धरूनच चालायचे. मीसुद्धा.

पान एकसष्टला क्रेन आली.
पहाटेच्या पाण्यात, एका पायावर, गप्प.
मुजावरनं वर लिहिलं, वजन उचलणारी.
शेजारी बारीक: पाण्यात का?
पुरा एक शनिवार त्यात गेला.
एका पायावर पलटी खाईल.
फाउंडेशन कुठाय?
ऑपरेटर कुठाय?

सोमवारी पहाटपाळीला सांगलीवाडीहून येताना
आयर्विन पुलावर सायकलची चेन पडली.
हात काळे करत सहज खाली बघितलं.
उथळ पाण्यात तो उभा होता,
दुसरा पाय पोटाशी घेऊन,
आणि काहीही उचलत नव्हता.

मुजावरला सांगितलं. तो बराच वेळ हसला.
पण खोडलं नाही त्यानं. पुढं लिहिलं:
किंवा बगळा.

मोल्डिंग बंद झालं त्या आठवड्यात
त्यानं निळी कादंबरी आणून काउंटरवर ठेवली.
ठेव की तुझ्याकडं, मी म्हटलं.
"नको आण्णा. टोकन जमा केल्याशिवाय
हिशेब निघत नाही म्हणतात."
सत्तेचाळीस नंबर. मी खिळ्यावरून काढून दिलं.
गरम होतं, पत्र्याखालचं सगळंच गरम असतं.

पान एकशे बाराच्या पुढं पेन्सिल नाही.
अवटी तिथं थांबला, खराडेबाई तिथंच थांबल्या,
क्लबही त्याच सुमाराला कधीतरी.
मुजावर आता मिरजेत जावयाच्या
टायरच्या दुकानात बसतो म्हणे.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा
मी पेन्सिलीला टोक काढलं
आणि एकशे तेरापासून सुरुवात केली.
चुकत, अंदाजानं, डबा खाताना पान-दोन पानं.
पान एकशे चाळीसला
त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात शब्द आला: डाय.
वर मी लिहिलं, साचा.

अर्थ माहीत नव्हता असं नाही.