विकतची

कुडाळच्या नर्सरीतून चार रोपं आणली,
काळ्या पिशव्यांतली, साठ रुपयांना एक.
जांभळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी.
"उंच वाढणा नाय," नर्सरीवाला म्हणाला, "नुसती सरकता."

पास्कू फर्नांडिसनं पिशवीत डोकावून पाहिलं.
"घाणेरी? पैशे दिऊन?
माज्या परड्यात ये, टेंपोभर देतंय. वर चाय."

फाटकापासून रस्त्यापर्यंत आमचा उतार म्हणजे उघडा जांभा.
पहारीनं चार खड्डे पाडायला दोन सकाळी गेल्या.
ठिणग्या निघाल्या, माती नाही.
खाली नारळाची सोडणं, वर शेणखत,
व्हाळाकाठची दोन पाट्या माती,
आणि दर्यावरून तो खारा वारा,
कोवळ्या पानांच्या कडा विडीसारख्या जाळणारा.
म्हणून संध्याकाळी झारीनं पानं धुवायची.
मुळांना कमी, पानांना जास्त.

पहिलं वर्ष तिनं काहीच केलं नाही.
दुसऱ्या वर्षी पायरी झाकली,
पाण्याचा मीटर झाकला,
नळाची गळतीही
(ती बिल आल्यावर कळली).
मे महिन्यात वीतभर ठेवून छाटली,
तर हातांना आठवडाभर तोच वास,
पिकला पेरू आणि रॉकेल यांच्या मधला कुठला तरी.

जिथं फांदी टेकली तिथं मूळ.
तिला कोणी सांगितलं नव्हतं
की पूर्वेला चार हातांवर हद्द आहे,
दगड आहे, दगडावर चुन्याचा ठिपका आहे,
आणि पलीकडे जयवंत, माझा थोरला भाऊ,
ज्याच्याशी बोलणं एका आंब्याच्या कलमावरून थांबलं.
ते कलमही आता वठलं.

तिकडे गेलेली फांदी त्यानं तोडली नाही.
पाणी घालतो का, ठाऊक नाही.
त्या बाजूची फुलं जरा मोठी दिसतात, एवढंच.

मार्चात मोजणीवाला आला, तिपाई आणि यंत्र घेऊन.
नकाशावर दगड होता.
जमिनीवर सगळं जांभळं.
तो वाकून चाचपत राहिला,
दोन पावलं इकडं, दोन तिकडं.
मी माझ्या बाजूला उभा, जयवंत त्याच्या.
फांदी कोणीच उचलली नाही.

शेवटी तो उठला, बोटं नाकाशी नेली.
"ही घाणेरीच मां?"

"नाय," आम्ही म्हणालो,
दोघंही, एकदमच,
"इकतची आसा."