पेज

चोडणच्या वाचनालयात शनिवारी साडेदहाला
चटईवर अकरा मुलं. बारावा विन्सी,
तो खिडकीत बसतो, फेरी धक्क्याला लागली की ओरडून सांगतो.
मी कपाटातून तेच पुस्तक काढते.
कण्यावर चिकटपट्टी, कोपरे कसरीने कुरतडलेले.
मी सात वर्षांची असताना, याच चटईच्या आईवर बसून
ऐकलेलं:
छत्री घेऊन समुद्र बघायला निघालेली म्हैस.

चित्रं मुलांकडे, माझ्याकडे पुठ्ठा.
मजकूर पाठ आहे.
म्हैस घाट उतरते.
म्हैस जकात नाक्यावर छत्री मिटून अदबीने उभी राहते.
सोळाव्या पानावर शेवटची टेकडी चढते
आणि मग एकदम एकोणीस:
म्हैस गोठ्यात, रवंथ करत, छत्री खुंटीला.

"टीचर, मदलें पेज खंय गेलें?"
पेज अकरा वाजता, घरी, सुक्या बांगड्यासोबत, मी म्हणते.
या विनोदाला दर वर्षी मी एकटीच हसते.
मग सांगा, तिनं काय पाहिलं?
सर्कस. तिची आई. तिला न घेता सुटलेली फेरी.
मी माझ्या वेळी मगर म्हटलं होतं,
आणि ती मगर अजून तिथं आहे,
सोळा आणि एकोणीसच्या मधल्या धाग्यावर.

यंदा उर्मी तारी म्हणाली,
"टीचर, तें आमगेर आसा."

पुढच्या शनिवारी तिनं आणलं.
काजूच्या पिशवीत, चार घड्या.
आजोबांनी नवव्या वर्षी फाडलेलं,
मग फेरीच्या केबिनमध्ये, मग कपाटाच्या दाराला आतून.
सोबत दंड म्हणून दोन रुपयांचं नाणं
आणि निरोप: पावती नको.

मी घड्या उलगडल्या.
निळं.
या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक अक्षर नाही.
उलटलं, पाठीमागेही निळंच.
घड्यांवरचा रंग उडून पांढऱ्या रेघा पडलेल्या,
त्या तेवढ्या लाटांसारख्या.

मुलं गप्प. मीही. मगर बुडाली.
"म्हस खंय?" विन्सी खिडकीतून.

बसम्मा, गदगची, जूनपासून अक्षरं लावतेय,
आजवर वर्गात पाणी सुद्धा न मागितलेली,
पुढे सरकली, पानासमोर उकिडवी बसली
आणि म्हणाली, "म्हैस इथं.
म्हैस बघते."

अकरा वाजता मी डबा उघडला.
पेजेतली चार शितं बोटानं चिरडून
पान शिवणीला चिकटवलं.
मुंग्या येतील. येऊ देत.

आता वाचताना सोळा संपलं की
बारा हात पुस्तकावर पडतात:
थांब, टीचर, दाखवू नकोस,
आदीं आमी सांगतां.