सरासरी

सन्मती मगदूमचा हिशेब मी पेन्सिलीनं ठेवतो.
शून्य. सात. शून्य.
मग एकदम कोल्हापूरविरुद्ध
एकशे सदतीस.
एक चेंडू हळदीच्या वखारीवर गेला,
अजून खाली आलेला नाही.

निवड समितीचे साहेब विचारतात, सरासरी?
सांगतो.
ते मान हलवत भडंगाचा पुडा उघडतात.

खरं तर एकशे एकेचाळीस.
त्या कव्हर ड्राइव्हला
पॉइंटचा पोरगा पळायचं विसरला
आणि मी चार लिहायचे.
कुणाला बोललो नाही.

परवा परत पहिल्याच चेंडूवर आला माघारी.
पॅड न सोडता बसून होता,
उसाच्या रसात माशी.

"तुमचं काय मत, गुरव? देशासाठी?"
"नको," म्हणालो.

संध्याकाळी आयर्विन पुलावर
सायकल कठड्याला लावली,
डावा पाय पुढं टाकला,
आणि रिकाम्या हातांनी
कृष्णेकडं मारून बघितला
तोच.