सुंभ

मोरणेच्या खोऱ्यात, जांभ्याच्या उतारावर
आमची काजूची झाडं, एकशे चाळीस.
मोजली ती एकदाच, वाटणीच्या दिवशी.
त्याआधी आकडा कुणाला लागलाच नव्हता.

आज्याने, हिंदुरावाने, झाडाझाडांत सुंभ बांधलेला
छातीच्या उंचीवर, लुगडी वाळत घालावीत तसा.
नवा पाहुणा हसायचा.
आजा म्हणायचा, "हुमल्यांचा साकव हाय."
तांबड्या मुंग्या त्यावरनं या झाडाच्या त्या झाडाला जायच्या,
पानाला पान शिवून घर करायच्या
आणि मोहोरावरच्या ढेकण्याला
सुखानं रस पिऊ द्यायच्या नाहीत.
मला चावल्या की मी बोंबलायचो.
"मजुरी वसूल करत्यात," म्हणून तो
चावल्या जागी थुंकी लावायचा.

पाचोळा कुणी पेटवायचा नाही.
बोंडं झाडाखालीच कुजायची,
उन्हाळाभर उतार आंबूस वासाने झिंगलेला.
बिया फोडून आईच्या बोटांची सालं निघायची,
राख चोळून ती परत बसायची.
सेंद्रियचा दाखला द्यायला आलेल्या साहेबांनी
माती तपासली, पानं तपासली.
तिचे हात नाही बघितले.

सत्तर त्यांना, सत्तर आम्हाला.
अर्जुनतात्यांनी पाठीवर पंप घेतला
आणि बांधावरचा सुंभ कोयत्याने तोडला.
मुंग्या तुटल्या टोकापर्यंत यायच्या,
हवेत मिशा हलवायच्या,
माघारी वळायच्या.
मी काही बोललो नाही. त्यांची झाडं, त्यांचं औषध.
दोन वर्षं त्यांचाच काजू जास्त उतरला,
हेही सांगितलं पाहिजे.

चौथ्या मोहोराला ढेकण्या परत आला, औषधाला न जुमानता.
तात्या संध्याकाळी बांधावर उभे राहायचे,
आमच्या झाडांकडे बघत,
तंबाखू मळत,
ती न खाताच टाकून देत.

एके सकाळी बांधावर निळी नायलॉनची दोरी दिसली,
त्यांच्या झाडापासून आमच्या झाडापर्यंत.
गाठ आज्याची होती, दुहेरी, उलटी.
ती घरात दोघांनाच येते,
आणि मी बांधली नव्हती.

नायलॉनवरनं मुंग्यांचे पाय घसरतात.
दुपारी जाऊन मी त्यावर सुंभ गुंडाळत बसलो,
पलीकडच्या टोकापर्यंत.
तात्यांच्या पडवीत पंप अजून खुंटीला आहे.
आमचं बोलणं अजून नाही.
मुंग्या जातात.