जबानी

केंटकीच्या पूर्वेकडचे डोंगर, पाइन फोर्क काउंटीचं कोर्ट,
दुसरा मजला. हीटर फक्त खिडकीच्या काचेला ऊब देतो.
मी यंत्र मांडून बसले आहे. बावीस कळा.
बोललं जातं तेवढंच टिपायचं, हे माझं काम.

रात्रपाळीचा जेलर हार्लन स्टिडम उजवा हात वर करतो.
खरं सांगेन, म्हणतो.

पट्टा काढून घेतलात?
हो.
बुटांच्या नाड्या?
हो.
का?
तो खांदे उडवतो.
वकीलबाई म्हणतात, तोंडानं बोला,
यंत्राला खांदे दिसत नाहीत.
सगळ्यांच्याच काढतो आम्ही.

फॉर्ममधला प्रश्न चौदावा:
जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?
टोबी रॅटलिफ, वय सव्वीस,
रद्द झालेल्या लायसन्सवर गाडी चालवताना धरलेला,
त्यानं ‘हो’च्या चौकटीत
फुली मारली होती. दोनदा गिरवलेली.
फॉर्म ड्रॉवरमध्ये होता.
ड्रॉवर कुणाचा, यावर अर्धा तास गेला.

नर्स सोमवारी येते आणि गुरुवारी.
टोबी आला शुक्रवारी.
काउंटी म्हणते, औषधपाण्याचं कंपनी बघते.
कंपनी म्हणते, कोठडीची किल्ली काउंटीकडे.
मधल्या फटीत सात चिठ्ठ्या सापडल्या,
एकाच अक्षरातल्या, शेवटची जरा वाकडी:
माझी बाटली तुमच्याकडेच आहे, कृपा करून द्या.

नुसती हयगय पुरत नाही, कंपनीचे वकील समजावतात,
आवाज मऊ, जणू तेच दुखवट्याला आलेत.
हयगय कुणाच्याही हातून होते.
कानाडोळा सिद्ध व्हायला हवा:
कानावर आलं होतं, डोळ्यांनी दिसलं होतं,
आणि तरीही.
‘तरीही’ पाशी ते थांबतात, पाणी पितात.

‘मला आठवत नाही’ हे वाक्य
माझ्या यंत्रावर एकाच ठोक्यात उमटतं.
इतक्यांदा लागतं की आमच्या धंद्यानं त्याची खूण केली आहे.
सकाळपासून एकेचाळीस वेळा.
टोबीच्या नावाला खूण नव्हती. मी आज केली.

मग पहाऱ्याची वही.
दर पंधरा मिनिटांनी कोठडीत डोकवायचं, लिहायचं.
तीन वाजता: ठीक. सव्वातीन: ठीक.
साडेतीन: ठीक.
तीन चाळीसला रुग्णवाहिका बोलावली.
पावणेचार: ठीक.
चार: ठीक.
सहापर्यंत ठीक, एकाच शाईत, एका बैठकीत.
पाळी सुरू होतानाच भरून ठेवली होती का?
खुर्ची करकरते.
खुर्चीलाही कळ नाही माझ्याकडे.
मग तो एक ठोका. बेचाळीस.

दिवसभरात पाच जणांनी हात वर केले.
सगळ्यांनी. शपथेसाठी.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी त्याची आई, अर्लीन.
शाळेची बस चालवते. कोटावर अजून पिवळा बिल्ला.
माझ्याशी बोलायचं नसतं तिनं, मीही तिच्याशी.
तरी म्हणाली,
त्याचं पाकीट परत दिलं त्यांनी, सील न उघडलेलं.
पट्टा, नाड्या, एकोणीस डॉलर.
आणि बाटली.
मी मोजल्या गोळ्या. सत्तावीस.
तीस आणून दिल्या होत्या मी, मंगळवारी.
मंगळवार, बुधवार, गुरुवार.
बोटं मिटत गेली तिची, तिथं थांबली.
घेत होता हो. रोज घेत होता.

यंत्र तेव्हा बंद होतं.

रात्री घरी पानं तपासते.
पान एकशे बारा. सहा वाजता: ठीक.
शब्द बदलायची मुभा नाही मला,
शुद्धलेखन तेवढं बघायचं.
‘ठीक’मधली वेलांटी दीर्घ आहे.
बरोबर आहे.