लॅच ओढून घ्या

खिळा ठोकायचा नाही, असं करारातच लिहिलंय.
सातवं कलम. मी दोनदा वाचलं.
छत्तीस वर्षं खांबावर चढलेला वायरमन,
पिशवीत हातोडी घालून जिंतूरहून आलेला,
नुसता भिंतीकडे बघत बसलो.

विक्रोळी, कन्नमवार नगर. दुसरा मजला.
एक खोली, अर्धं स्वयंपाकघर,
खिडकीसमोर कुणाच्या तरी पोरांचे वाळत घातलेले गणवेश.
तांडेलबाई म्हणाल्या,
पाणी पावणेसहाला येतं, सव्वासहाला जातं,
तेवढ्यात फोन घेत बसलात तर दिवस गेला.
रेवाने हे वहीत लिहून घेतलं.
घरी तिला उठवायला आईच्या तीन हाका लागायच्या,
तिसरीला तर अख्खी गल्ली उठायची.

एजंटाने महिन्याचं भाडं घेतलं आणि चहा पाजला.
चहा चांगला होता, खोटं कशाला बोला.

दिवसभर सामान.
पिंप, मग्गा, पाच किलोचा सिलिंडर, दोरी.
गादीवाला म्हणाला, डबल घ्या, थोडाच फरक पडतो.
आम्ही एकमेकांकडे न बघता सिंगल घेतली.
ती मी डोक्यावर घेतली.
"बाबा, टेम्पो करू या ना," ती मागून म्हणत राहिली
आणि मी चालत राहिलो.
माणसं बाजूला होत होती.
या शहराने मला तेवढ्यापुरती वाट दिली.

संध्याकाळी पोलिसांकडे द्यायचा फॉर्म आला.
नाव, गाव. नोकरी परळच्या हॉस्पिटलात, रक्त तपासायची.
तातडीच्या वेळी संपर्क?
मी घसा खाकरला, नंबर सांगायला तोंड उघडलं.
तिने तोवर लिहिलं होतं: इशरत शेख, टागोर नगर.
लॅबमधली. ओळख परवाची.
"तुम्ही पोचेपर्यंत रात्र जाते, बाबा."
बरोबरच आहे. फॉल्ट झाला की आधी जवळचा फ्यूज काढायचा,
नव्या पोरांना मीच शिकवत आलो.

मी उठलो आणि स्विचबोर्ड उघडला.
कुणीतरी उलटं जोडून ठेवलेलं,
न्यूट्रल बटणातून, फेज सरळ दिव्याला.
म्हणजे दिवा विझलेला दिसतो
आणि वरची तार जिवंतच असते.
मेन बंद केला. तिने मोबाइलचा उजेड धरला.
लहानपणी बॅटरी धरायची ती नेहमी भलतीकडे,
माझ्या नाकावर, पालीवर, छताच्या पत्र्यावर.
आज उजेड नेमका तारेवर होता.
"पीळ नीट बसलाय का?" तिने विचारलं.
मला.

गादीवर कोण झोपणार, यावर भांडण.
हरलो मीच. प्लास्टिक काढायचं राहिलेलं,
कूस बदलली की गादी कुरकुरायची,
मग मी कूसच बदलली नाही.

जाग आली ती पिंपात पडणाऱ्या पाण्याने.
सातला डबा, गळ्यात ओळखपत्र,
चप्पल घालता घालता सूचना:
"तुमची गाडी दुपारची. निघताना लॅच ओढून घ्या.
आपोआप लागतं."
जिन्यावरून परत आली.
मी उगाच उभा राहिलो.
पाण्याची बाटली विसरली होती.

नंतर फरशी पुसली. एकदा पुसलेली होती, तरी.
फॉर्मच्या झेरॉक्सवरून इशरतचा नंबर उतरवून घेतला.
नाव काय घालावं कळेना.
"रेवा मुंबई" असं घातलं.

मग पिशवी. मग लॅच.
खट्.

तिसऱ्या पायरीवर हात शर्टाच्या खिशाकडे गेला.
टेस्टर आत राहिला, ओट्यावर.
इतकी वर्षं तो याच खिशात,
खिसा त्या जागी फाटून दोनदा शिवलाय.
वळून बघितलं. दाराला बाहेरून साधी मूठही नाही.

दुसरी किल्ली खाली तांडेलबाईंकडे.
दार उघडं टाकून त्या मेथी निवडत होत्या.
"निघालात?"
हो, म्हटलं, निघालो.