बेतीची नवरी

पुढून बघायला कुणाला पैसे पडत नाहीत.
मागून बघायचे मला रोजचे नऊशे मिळतात.

शिडी चढून आलं की लोखंडी कपाटं,
खालून वर चार, आडवी सहा,
प्रत्येकाला दार, दाराला कुलूप, कुलपाला गंज.
मांडवीचं खारं वारं आधी कुलूपच खातं,
मग स्क्रू,
मग माझ्या नखांच्या कडा.

आज नवरीचा दात पडलाय.
म्हापशाच्या सोनाराची जाहिरात: नाकात नथ, हातात चुडा,
आणि हसू उघडतं तिथं काळा चौकोन,
रेशनकार्ड उघडून धरलं तर तेवढा.
शेट फोनवर, ‘बाय, लज गेली गो म्हजी.
पण पडदा बंद करू नका, तासाचे पैसे घेतलेत.’

इनास नवा आहे, आगशीचा, एकोणीस वर्षांचा.
विचारतो, यात पांढरा दिवा कुठला?
नाहीच, म्हटलं. तांबडा, हिरवा, निळा,
तिघं मिळून ओरडले की पांढरं.
आणि काळा?
काळा म्हणजे तिघं गप्प.

दार उघडलं. पंखा कण्हत होता.
सप्लायची पेटी दोनशे तीसचा माज
पाचावर उतरवून आणते, म्हणून तापलेली.
तिच्या शेजारी कार्ड.
खालच्या खोलीतून एका निळ्या तारेतून
अख्खी नवरी वर येते,
हे तिचे तुकडे करून वाटतं:
तुला कान, तुला कपाळ, तुला अर्धी नथ.
पट्टीच्या तारा ते पोचवतात.
मॉड्यूलच्या पाठीवर चिपा, मुंगळ्यांसारख्या पाय पसरून,
एकेकीच्या हाताखाली सोळा दिवे,
घास मोजून द्यायचा.
नवरी यातल्या कुणीच पाहिलेली नाही.

पट्टी उपटली तर टोकाला हिरवट बुरशीसारखा गंज.
आणि पेटीच्या आडोशाला
पालीची दोन अंडी.
काढू? इनास म्हणाला.
राहू दे, ऊब फुकटची आहे.

त्याला एक सांगितलं, शेटला सांगत नाही:
कुठल्याही क्षणी नवरी पावच पेटलेली असते.
चार ओळींतली एक, मग दुसरी, मग तिसरी,
पाळी इतक्या झपाट्यानं फिरते
की उरलेली पाऊण
बघणाऱ्याचा डोळा पदरचं घालून पुरी करतो.
तो म्हणाला, म्हणजे लोक तासाला
पाव नवरीचेच पैसे देतात?
मी म्हटलं, स्क्रू धर.

मॉड्यूल तिरकं करून आत ओढलं.
भोकातून पहिल्यांदा वारा आला,
मग डिझेलचा वास.
मी तोंड घातलं.
खाली फेरीबोट धक्क्याला लागत होती,
पलीकडं पणजी, कसिनोंचे रंग पाण्यात चिंध्या होऊन,
आणि रांगेतल्या एका स्कूटरवर
बापाच्या पुढं उभी राहिलेली मुलगी,
हातात उंड्यांची पिशवी.
तिनं वर बघितलं.
दोन मजली नवरीच्या दातांत एक बाई.
मुलीनं हात केला. मीही केला,
हातात पाना होता.
तिनं बापाचं हेल्मेट ठोठावलं,
तो मान वळवून बघेतो
मी नवं मॉड्यूल बसवून टाकलं होतं.

आता नवाच प्रश्न. दात आला, पण केवढा लखलखीत!
बाजूचे आठ वर्षं उन्हात उभे,
हा कालच खोक्यातून निघालेला.
खाली खोलीत बसून नव्याचं तेज उतरवत गेलो:
नव्वद, ऐंशी, पंचाहत्तर.
एकाहत्तरवर तो हसण्यात मिसळला.

इनास बराच वेळ बघत राहिला.
जुन्यांचं वाढवता येत नाही?

ते आधीच शंभरावर आहेत, म्हटलं.

वर कुलपाला तेल घालायचं राहिलं.